दुपारी ३.३५ चा फोन

१० मे २०२५. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी, म्हणजे डीजीएमओंनी, भारताच्या डीजीएमओंना फोन केला. संध्याकाळी पाचपासून जमिनीवर, आकाशात आणि समुद्रात कारवाई थांबवायचे ठरले. तोवर आपल्या काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्तही करून टाकले होते! सिप्री या संस्थेच्या २०२५ च्या अंदाजाप्रमाणे भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रे होती. संघर्षाच्या त्या चार रात्रींच्या आरडाओरड्यात हे आकडे क्वचितच कुणी उच्चारले.

भारताचे पोखरणचे आणि पाकिस्तानचे चगाईचे अणुस्फोट मे १९९८ मधले. आता दोघांकडेही बॉम्ब आहे, तेव्हा युद्धाचा विषय संपला, असे तेव्हा बरेच शहाणे लोक सांगत होते. वर्षभरात कारगिल झाले. अण्वस्त्रांच्या धाकाने मोठे युद्ध अडते, पण त्याच आडोशाने छोट्या युद्धाला धीर येतो, हे अमेरिकी अभ्यासक ग्लेन स्नायडर यांनी १९६५ मध्येच मांडले होते. कारगिलमध्ये भारताने हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडू दिली नाही. २०१६ मध्ये जवान रेषेपलीकडे जाऊन आले. २०१९ मध्ये विमानांनी बालाकोटवर बॉम्ब टाकले. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना मारण्यात आले. त्यांतले सहा जण डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे. त्यानंतर मे महिन्यात भारताची क्षेपणास्त्रे पाकिस्तानी पंजाबातल्या बहावलपूर आणि मुरिदकेवर पडली, आणि शेवटी रावळपिंडीच्या नूर खान हवाई तळावरही. पाकिस्तानच्या अण्वस्त्रांचा कारभार पाहणारे मुख्यालय तिथून फार दूर नाही.

दर खेपेला आपण एक पायरी वर चढलो आणि काही झाले नाही. यावरून पाकिस्तानची अणुधमकी पोकळ आहे, असा निष्कर्ष आता बिनधास्त काढला जातो. अणुधमकीला भीक घालायची नाही, ही सरकारची भूमिका आम्हाला मान्य आहे. दहशतवादी पाठवायचे आणि वर बॉम्ब दाखवायचा, हे कोणताही देश सोसणार नाही. पण धमकी पोकळ आहे असे समजणे ही निराळी गोष्ट. तो समोरच्या सेनापतीच्या मनाविषयीचा अंदाज आहे, आणि पाकिस्तानने ‘आम्ही प्रथम वापर करणार नाही’ असे धोरण अधिकृतपणे कधीच स्वीकारलेले नाही.

त्यात शस्त्रे बदलली. ८ मेच्या रात्री ३६ ठिकाणी पाकिस्तानची तीनशे ते चारशे ड्रोन आल्याचे आपल्या लष्कराने सांगितले. आपल्याकडेही ती आहेत. ‘नागास्त्र’ हे आत्मघाती ड्रोन तर नागपुरात बनते. ड्रोन स्वस्त, त्यात वैमानिक नाही, त्यामुळे ते पाठवताना हात कचरत नाही. १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकवरच्या लाकडी खोल्यांत लपवून नेलेली ड्रोन रशियाच्या हवाई तळांवर सोडली. त्यांतला बेलाया हा तळ युक्रेनपासून चार हजार किलोमीटरहून लांब, सायबेरियात आहे. तिथे जळाली ती अण्वस्त्रे वाहून नेऊ शकणारी बॉम्बफेकी विमाने. रशियाने अणुबॉम्ब वापरला नाही. पण जगातला सर्वांत मोठा अण्वस्त्रसाठा असूनही हा हल्ला टळला नाही, हेही खरे.

खरी भीती वेळेची आहे. १९६२ मध्ये क्युबाच्या क्षेपणास्त्र पेचात अमेरिकेचे केनेडी आणि सोव्हिएत संघाचे ख्रुश्चेव्ह यांना तेरा दिवस मिळाले होते. भारत-पाकिस्तानात क्षेपणास्त्राचा प्रवासच काही मिनिटांचा, आणि येणाऱ्या क्षेपणास्त्रात साधे स्फोटक आहे की अणुबॉम्ब, हे रडारला कळत नाही. ९ मार्च २०२२ ला आपले एक ब्रह्मोस चुकून सुटले आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडले. सुदैवाने त्यात स्फोटक नव्हते आणि दिवस शांततेचे होते. भारताचा अधिकृत खुलासा आला दोन दिवसांनी. हेच ९ मे २०२५ च्या रात्री घडले असते तर खुलाशाची वाट कुणी पाहिली असती?

या दोन देशांत समजूतदारपणा अजिबात नाही असे नाही. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला. १९९२ पासून दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी होती, तेव्हाही ही देवाणघेवाण चुकली नाही. क्षेपणास्त्र चाचणीची पूर्वसूचना देण्याचा करार २००५ मध्ये झाला, पण तो फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता. ब्रह्मोस किंवा पाकिस्तानचे बाबर ही क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात येत नाहीत. ड्रोनचे तर नावच नाही.

क्रूझ क्षेपणास्त्रांची आणि ड्रोनची कलमे त्या करारात घालायला पाकिस्तानवर विश्वास असण्याची गरज नाही. १९८८ मध्ये तरी कुठे होता? त्यासाठी मैत्रीचे समारंभ नकोत, की क्रिकेटचे सामनेही नकोत. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसून मसुदा करायचा, एवढेच. सिंधू पाणीवाटप करारही स्थगित असताना अशी मागणी करणे काहींना भाबडेपणाचे वाटेल, देशद्रोहाचेही वाटेल. आम्हाला ती देशहिताची वाटते. या अंकातल्या युद्धविषयक विभागात याच्या उलट बाजूचे लेखही मुद्दाम घेतले आहेत. ते वाचा, आणि पटले नाही तर आम्हाला खरमरीत पत्र लिहा.