खुळ्याचं नाव लिहा

शिरोली एमआयडीसीत मी सव्वीस वर्षं मोल्डिंग केलं. वरची पेटी, खालची पेटी, मध्ये काळी वाळू. लोखंड वितळलं की पेटीचा आकार घेतं. माणूस घेत नाही. माणसाला पेटीत बसवायला त्याचं नाव आधी काढून घ्यावं लागतं. त्याबद्दलच बोलायचंय.

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात एक कॉमिक काढणारा चित्रकार बोलायला आला. शिकलेला पोरगा, हात चांगला. त्यानं पडद्यावर जर्मनीतल्या वेड्यांच्या इस्पितळांतली शंभर वर्षांपूर्वीची चित्रं दाखवली आणि त्यांना ‘उत्तर’ म्हणून स्वतः काढलेल्या चित्रपट्ट्या दाखवल्या. एका जुन्या चित्रात देवदूत माणसाचा जीव घेत होता. मी उठून विचारलं, “हे काढणाऱ्याचं नाव काय?”

“पोल.”

“धंदा काय करायचा?”

पोरगा गप्प. मग म्हणाला, “काका, त्यानं काय फरक पडतो? चित्रातली ऊर्जा बघा.”

ऊर्जा! दलितांच्या कवितेत ह्यांना ऊर्जा दिसते, आदिवासींच्या नाचात दिसते, आता खुळ्याच्या चित्रात दिसली. माणूस तेवढा दिसत नाही.

काय फरक पडतो ते ऐका. त्याचं नाव पोल नव्हतंच. फ्रान्झ कार्ल ब्यूलर, जन्म १८६४. लोखंडाचं नक्षीकाम करणारा लोहार, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या कामाला पदक मिळालं. १८९८ साली इस्पितळात टाकला, तो पुन्हा बाहेर आला नाही. हायडेलबर्गचा डॉक्टर हान्स प्रिन्झहॉर्न ह्यानं १९१९ ते १९२१ मध्ये इस्पितळांना पत्रं लिहून रुग्णांची सुमारे पाच हजार कामं गोळा केली आणि १९२२ ला त्यावर पुस्तक काढलं. मॅक्स अर्न्स्टनं ते पॅरिसला नेलं, नामवंतांनी त्यावर आपली कला पोसली. पण पुस्तकात ब्यूलरचा पोल झाला होता, गवंडीकाम करणाऱ्या गेन्झेलचा ब्रेंडेल, नाटररचा नेटर.

पुढं १९३८ मध्ये नाझींनी ह्याच संग्रहातली चित्रं ‘विकृत कला’ प्रदर्शनात आधुनिक चित्रकारांच्या शेजारी लावली. बघा, दोघं सारखेच खुळे! आणि ५ मार्च १९४० ला ब्यूलरला ग्राफेनेकला नेऊन गॅसनं मारलं. त्या मोहिमेत १९४०-४१ मध्ये सत्तर हजारांवर रुग्ण मारले. ज्या दवाखान्यात त्याची चित्रं होती, त्याचा तेव्हाचा प्रमुख कार्ल श्नायडर ह्याच मोहिमेत कुणाला मारायचं ते ठरवणाऱ्या तज्ज्ञांत होता. चित्र कपाटात शाबूत आणि काढणारा भट्टीत.

हे माहीत नसताना तू उत्तर कुणाला देतोस, बाबा?

आता माझ्या घरातलं सांगतो. माझा थोरला भाऊ, अण्णा, फौंड्रीत कोअर करायचा. जेवणाच्या सुट्टीत वाळूवर खिळ्यानं चित्रं काढायचा. महारवाड्यातली विहीर, आईच्या डोक्यावरची पाटी, आणि दर चित्रात एक दार, कडी बाहेरून लावलेली. मग झोप गेली, बडबड सुरू झाली. जात आधीच चिकटलेली, वर ‘खुळा’ चिकटला. १९९१ ला त्याला घाट उतरून इस्पितळात ठेवला. डोकं भादरलं, नंबर दिला. तिथं तो भिंतीवर कोळशानं आणि औषधाच्या पुड्यांवर पेन्सिलीनं काढत राहिला. मी गेलो की आधी चित्रं दाखवायचा, मग घरचं विचारायचा. तो गेल्यावर चित्रं मागितली. “कसली चित्रं? कचरा होता, जाळला.” केसपेपरवर एक ओळ होती : भिंती खराब करतो. आमच्या अण्णाच्या कलेची एवढीच समीक्षा झाली.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला स्वतःचे कपडे घालायचा, डोकं भादरू न द्यायचा, कामाची मजुरी घ्यायचा, स्वतःचे वैद्यकीय कागद बघायचा हक्क दिला. चांगलं झालं. अण्णाला उशीर झाला. पण खुळ्याच्या हातचं चित्र कुणाच्या मालकीचं, हे त्याला कोण विचारतं?

म्हणाल, मग काय आम्ही काढायचंच नाही? काढा की! स्वित्झर्लंडचा आडोल्फ व्योल्फ्ली बघा. पोरवयात गावानं शेतकऱ्यांच्या दारी राबायला बांधलेला, म्हणजे आपल्याकडचा सालगडीच. लहान मुलींवर हात टाकला म्हणून अडकला, तेही मी झाकत नाही. इस्पितळात दर सोमवारी त्याला एक पेन्सिल आणि कागदाचे दोन मोठे ताव मिळायचे. पेन्सिल दोन दिवसांत संपायची. तरी त्यानं पंचवीस हजार पानं भरली. डॉक्टर मॉर्गेन्थालरनं १९२१ ला त्याच्यावर पुस्तक लिहिलं ते त्याच्या खऱ्या नावानिशी. आणि आपल्याकडं २०११ चं ‘भीमायन’ बघा. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम ह्या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांना चौकटीत कोंबायला नकार दिला, आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी काढली. चौकट म्हणजे कोठडी, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आता कुणी विचारेल, तू तरी भावाचं नाव कुठं लिहिलंस? खरंय. वहिनी म्हणाली, “भावजी, लिहू नका. पोरीचं लगीन व्हायचंय.” शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव बदलणारी माणसं आम्ही. नाव का झाकावं लागतं हे आम्हाला सांगू नका. पण झाकायचं की नाही ते वहिनी ठरवेल. डॉक्टर नाही, प्रदर्शनवाला नाही, कॉमिकवाला तर नाहीच.

म्हणून चित्रकार मित्रांनो, एवढंच मागतो. उत्तर देण्याआधी त्याचं नाव, धंदा आणि मरण कसं आलं ते शोधा. सापडलं तर आपल्या नावाएवढ्याच अक्षरात लिहा. घरचे नको म्हणाले तर जागा कोरी ठेवा, पण पोल-बिल चिकटवू नका.

माझ्या भावाचं नाव : ....................

पोरीचं लगीन झालं आणि वहिनी हो म्हणाली, की ह्याच पानावर लिहीन.