विश्लेषण : नोकरीसाठी शहर सोडल्यास भाडेकरार मुदतीआधी मोडता येतो का?

पुणे-मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर घर घ्यायचे आणि चार महिन्यांत दुसऱ्या शहरातून नोकरीचा प्रस्ताव यायचा, ही वेळ अनेक तरुणांवर येते. तेव्हा कळीचा प्रश्न असतो तो अनामत रकमेचा.

नोकरी बदलणे हे कायदेशीर कारण आहे का?

नाही. महाराष्ट्रात बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. नोकरी बदलली म्हणून करारातून सुटका देणारी तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये नाही. त्यामुळे करारातील दोन कलमे महत्त्वाची ठरतात : नोटिशीचा कालावधी आणि ‘लॉक-इन’. लॉक-इन नसेल, तर ठरलेली, बहुधा एक महिन्याची नोटीस देऊन घर सोडता येते.

लॉक-इनमध्ये घर सोडल्यास?

उरलेल्या महिन्यांचे भाडे द्यावे लागेल, असे अनेक करारांत लिहिलेले असते. मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. नुकसान सिद्ध करणे शक्य असेल तेथे ते सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘कैलाश नाथ असोसिएट्स’ प्रकरणात स्पष्ट केले. समजा, भाडे २५ हजार रुपये आहे आणि लॉक-इनचे दोन महिने उरले आहेत. घर पंधरा दिवसांत पुन्हा भाड्याने गेले, तर ५० हजारांची मागणी टिकवणे घरमालकाला कठीण जाईल. पण एवढ्या रकमेसाठी न्यायालयात जाणे भाडेकरूलाही परवडत नाही. अनामत घरमालकाच्या हाती असल्याने त्याचे पारडे जड राहते.

नोंदणी का महत्त्वाची?

लेखी करारातील मजकूर कलम २४ नुसार निर्णायक पुरावा मानला जातो. ‘कधीही सोडा’ या तोंडी आश्वासनाला त्यापुढे फारसे वजन नसते. कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

अनामत रकमेवर मर्यादा आहे का?

केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी कमाल दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत सुचवली आहे. परंतु तो राज्यांवर बंधनकारक नाही.

भाडेकरूने काय करावे?

नोटीस लेखी द्यावी, ई-मेलही पाठवावा. नवा भाडेकरू शोधून देण्याची तयारी दाखवावी. त्यातून घरमालकाचे नुकसान आणि त्याचा दावा, दोन्ही कमी होतात. वीजबिल व सोसायटीची देणी चुकती करून घराची छायाचित्रे काढावीत आणि किल्ली दिल्याची पोच घ्यावी. नव्या कंपनीकडे स्थलांतर भत्त्याची मागणी रुजू होण्यापूर्वीच करावी. पुढच्या करारात, बदली किंवा नोकरीबदल झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीवर लॉक-इन संपेल, असे एक वाक्य घालून घेणे सर्वांत स्वस्त पडते.