"वय झालं" हे निदान नाही

कारंजा म्हटलं की पुण्यातले लोक हमखास विचारतात, "लाड का?" नाही हो. लाडांचं कारंजा वाशिम जिल्ह्यात. आमचं कारंजा घाडग्यांचं, वर्धा जिल्ह्यातलं. नागपूरहून अमरावतीकडे निघालात की कोंढाळी मागे पडते, संत्र्याच्या बागा दिसायला लागतात, आणि मग आमचं गाव येतं. बहुतेक लोक चहा पिऊन पुढे जातात.

तर ह्या गावात, आमच्या घरच्या ओसरीवर, तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत बाबा म्हणाले, "आता वय झालं बाबू. दम नाही राह्यला. पायाले मुंग्या येतात."

ते तेव्हा सहासष्ट वर्षांचे, मी एक्केचाळीसचा. लॅपटॉपवरची मान वर न करता मी म्हणालो, "होतं बाबा ह्या वयात."

आजचा लेख ह्या माझ्या वाक्यावर आहे. ते वाक्य मी काहीही न तपासता बोललो होतो आणि ते चुकीचं होतं.

पुढे वर्षभर बाबांची चप्पल चालता चालता पायातून निघून जायची आणि त्यांना कळायचंच नाही. बागेत ओलिताला जाताना दोनदा पडले. एका डॉक्टरांनीही वयाचंच कारण देऊन टॉनिक लिहून दिलं. शेवटी नागपूरला नेऊन रक्त तपासलं, तर बी-१२ जवळपास तळाला! बाबा माळकरी, अंडं-मटण नाही. घरची गाय विकल्यापासून दूध फक्त चहापुरतं. वर मधुमेहाची मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू, आणि ती दीर्घकाळ घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत माणूस पुन्हा उत्साहाने बोलायला लागला. पायाची जाणीव मात्र पूर्ण परत आली नाही. नस फार काळ उपाशी राहिली की सगळी भरून येत नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले. एखाद्याने बग नोंदवला, आणि आपण लॉग न बघता "असंच डिझाइन आहे" असा शेरा मारून टिकेट बंद केलं, तर मॅनेजर काय म्हणेल? मी माझ्या बापाचं टिकेट असं बंद केलं होतं. आणि खरं सांगतो, आपल्यापैकी बहुतेक पुरुष पस्तिशीनंतर स्वतःचंही टिकेट असंच बंद करतात. दुपारी चारला डोळे मिटतात? वय. जिना चढताना धाप लागते? वय. शनिवारी पोरगं खेळायला बोलावतं आणि आपण सोफ्यावरून उठत नाही? वय, वय, वय.

मंडळी, आता जरा लॉग बघू.

२०२१ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६,४०० हून जास्त लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजणी मांडली. आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या माणसापर्यंत. शरीराचा आकार आणि स्नायू हिशेबात धरले तर विशी ते साठी चयापचय जवळपास स्थिर राहतं, असं त्यात दिसलं. उतार लागतो तो साठीनंतर, आणि तोही हळूहळू. म्हणजे "चाळिशीत मेटाबॉलिझम स्लो होतो" हे जे आपण पार्टीत एकमेकांना सांगतो, ते आपल्या पोटाचं समर्थन आहे, शास्त्र नाही.

दुसरा लॉग आपल्या पुण्यातलाच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी यांनी २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन, वरकरणी निरोगी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. त्यातल्या ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होतं. आणि शहरी मध्यमवर्गात? ८१ टक्के! म्हणजे तुम्ही-आम्ही. ज्यांना काय वाटेल ते विकत घेऊन खाता येतं, तेच सगळ्यात खाली.

ह्याच याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. "मी कुठे जाड आहे?" म्हणणाऱ्यांनी हा फोटो जरूर शोधून बघावा. आपल्या पुरुषांसाठी वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप जास्त खरं बोलते. ९० सेंटिमीटरच्या पुढे गेलात की सावध. (माझी ९८ निघाली. बी-१२ही कमी निघालं. बापाच्या निमित्ताने पोराचं टिकेट उघडलं. असो.)

आता कोणी म्हणेल, वय खरंच होत नाही का? होतं की! तिशीनंतर स्नायू दर दशकाला काही टक्क्यांनी घटत जातात. टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरतं. पण हा उतार इतका मंद आहे की गेल्या दिवाळीपासून ह्या दिवाळीपर्यंत तुम्ही जे ढेपाळलात, त्याचा हिशेब त्यातून लागत नाही. आणि स्नायूंचं म्हणाल तर १९९० साली अमेरिकेत सरासरी नव्वद वर्षांच्या वृद्धाश्रमवासीयांना आठ आठवडे वजनाचे व्यायाम दिले, तेव्हा पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आपण अडतिसाव्या वर्षी कारणं सांगतो.

पण "वय झालं" ह्या वाक्यावर मोठं दुकान चालतं, त्याचं काय करायचं? शिलाजीत, बूस्टर, "पुरुषांची ताकद" असं लिहिलेले काळे-सोनेरी डबे. मोबाईल उघडला की तेच. ज्याला आधी भीती विकली, त्यालाच नंतर डबा विकायचा. काही जण तर जिममधल्या दादाच्या सांगण्यावरून थेट टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आत गेलं की शरीर शुक्राणू बनवणं कमी करतं, कधी थांबवतं. ज्यांना अजून मूल हवंय त्यांना हे कोण सांगणार? दादा तर सांगत नाही.

दुसरं दुकान पंथांचं. एक पंथ दिवसातून दोनदाच जेवणारा. ह्या विचाराचं मूळ आमच्याच भागातलं. काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार हे आपल्या व्याख्यानांतून सांगायचे. २००४ साली कोंढाळीजवळच्या अपघातात ते गेले, आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो घरोघरी पोचवला. दुसरा पंथ ऋजुता दिवेकरांच्या पुस्तकानंतरचा, दर दोन तासांनी खाणारा. आमच्या ऑफिसात दोन्हीकडचे लोक लंच टेबलवर भांडतात, आणि दोघांच्याही डब्यात तेच असतं: चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पातळ वरण! अरे, किती वाजता आणि किती वेळा ह्यावर भांडताय, पण ताटात काय आहे ते कोण बघणार?

साधा हिशेब करा. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. वाटीभर वरणात तुरीची डाळ जेमतेम २५-३० ग्रॅम असते, त्यातून प्रथिनं मिळतात सहा-सात ग्रॅम. बाकीची कुठून येणार? तर्री-पोह्यांतून?

आणि गंमत बघा. आमच्या कारंज्याच्या शेतात सोयाबीन पिकतं. त्यात प्रथिनं ३५-४० टक्के. आम्ही ते विकतो. तेल आमच्या कढईत परत येतं आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांना जाते. बाबांनी आयुष्यभर प्रथिनं पिकवली, आणि त्यांच्या ताटात आली ती पोळी आणि तेल.

"पण आमची परंपरा, आमचा शाकाहार..." मी शाकाहार सोडा म्हणत नाहीये. बाबांनी माळ काढली नाही, काढणारही नाहीत. पण परंपरेचीच गोष्ट सांगतो. आमच्याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामला पुढे राहायला आलेले गांधीजी. दूध घ्यायचं नाही असं त्यांचं व्रत होतं. १९१८ च्या आजारपणात शरीर पार खचलं, आणि १९१९ च्या सुरुवातीला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी शेळीचं दूध घेतलं. मनाला लागलं, पण घेतलं. इतका हट्टी माणूससुद्धा शरीराचं ऐकून ताट बदलू शकतो. बी-१२ वेगळं काढलं गेलं १९४८ मध्ये, म्हणजे ते गेले त्या वर्षी. आपल्याकडे तर आज तपासणीही आहे आणि गोळीही. मग आपला हट्ट कशासाठी?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. थकवा महिनाभर टिकला तर डबा मागवू नका, रक्त तपासा. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२. जोरात घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, आणि मन लागत नसेल तर तेही. सगळ्याचं खापर बी-१२ वर फोडणं म्हणजे पुन्हा न बघता टिकेट बंद करणं. दूध-दही, अंडी चालत असतील तर अंडी, चणे, शेंगदाणे, घट्ट वरण ताटात आणा. बी-१२ मात्र डाळीत आणि पालेभाजीत नसतं, हे लक्षात ठेवा. आणि आठवड्यातून दोन दिवस काहीतरी जड उचला, लॅपटॉपची बॅग त्यात धरू नका :)

बाबा आता काठी घेऊन बागेत जातात. परवा फोनवर पुन्हा म्हणाले, "वय झालं बाप्पा." मी विचारलं, "म्हणजे नेमकं काय होतंय?" थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रात्री चार-पाच डाव उठा लागते."

पुढच्या शनिवारी मी कारंज्याला जातोय, त्यांना तपासायला न्यायला. तुम्ही आज घरी फोन कराल तेव्हा "वय झालं" असं ऐकू आलं, तर एवढा एक प्रश्न नक्की विचारा.