शृंगारकाव्य हा कवीचा कबुलीजबाब नव्हे

१/८
२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनमध्ये, दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारात १७ वर्षांचा एक उमराव दाखल झाला. जॉन विल्मट, रोचेस्टरचा अर्ल. त्या युगाचा सर्वांत बदनाम प्रेमकवी पुढे तोच ठरला.

२/८
हा चार्ल्स मराठी मुलखाला अपरिचित नाही. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनसोबत मुंबई बेट त्याला आंदण मिळाले. १६६८ मध्ये ते त्याने वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवले.

३/८
चार्ल्स १६६० मध्ये परतला तेव्हा इंग्लंडने प्युरिटनांची कडक राजवट नुकतीच भोगली होती. १६४२ पासून बंद असलेली नाट्यगृहे उघडली, रंगभूमीवर स्त्रिया आल्या आणि प्रेमकवितेने संकोच टाकला. दरबारी कविता बहुधा हस्तलिखितांतून फिरे. नकला करणारा कवीचे नाव गाळी, कधी भलतेच नाव घाली.

४/८
या कवितांतले मेंढपाळ, क्लोरिस, स्ट्रेफन ही परंपरेने ठरवून दिलेली पात्रे होत. त्यांतला 'मी' अनेकदा मुखवटाच असतो. रोचेस्टरचे आयुष्य बेबंद होते हे खरे. पण ते समकालीनांच्या नोंदींवरून सिद्ध होते. त्यासाठी कवितेला साक्षीला उभे करावे लागत नाही.

५/८
अफ्रा बेन लेखणीवर पोट भरणारी स्त्री होती. तिची एक धीट प्रणयकविता १६८० मध्ये रोचेस्टरच्या संग्रहात, त्याच्याच नावावर छापली गेली. १६८४ मध्ये तिने ती स्वतःच्या संग्रहात घेतली. बदनामी अशी दुसऱ्याची कविताही आपल्याकडे ओढून घेते.

६/८
सिंधुदुर्गाच्या पायाभरणीवेळी संभाजीराजे ७ वर्षांचे होते. संस्कृतातील राजनीतिपर 'बुधभूषण' त्यांचे. 'नृपशंभू' या नाममुद्रेची 'नखशिख' आणि 'नायिकाभेद' ही ब्रज भाषेतील काव्येही त्यांचीच मानली जातात. नायिकांचे प्रकार वर्णिणे हा काव्यशास्त्राचा रूढ विषय होता. स्वकीया-परकीया हे त्यातले शास्त्रीय वर्ग. त्यांत कवीच्या खासगी आयुष्याचे धागे शोधणे व्यर्थ.

७/८
तरीही संभाजीराजांची प्रतिमा दीर्घकाळ विलासी राजाची राहिली. मल्हार रामराव चिटणीसांची बखर त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. नाटककारांनी तिच्यावर रंग चढवले. वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्राने समकालीन साधनांच्या आधारे ही प्रतिमा मोडून काढली. मात्र आज काही चाहते उलट टोक गाठतात आणि शृंगारकाव्याचा उल्लेखच टाळतात. हे लपवणे जुन्या आरोपाला नकळत मान्यता देते. कवितेत लाजिरवाणे काही नसेल, तर ती झाकायची कशासाठी?

८/८
११ मार्च १६८९ रोजी संभाजीराजांची हत्या झाली, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये अफ्रा बेन वारली. दोघांनाही काळाने आधी चारित्र्यावरून तोलले आणि वाचले फार उशिरा. जुने प्रेमकाव्य हाती आले की आधी विचारावे : ही प्रत कोणी केली, केव्हा केली, कोणत्या काव्यसंकेतात ती बसते? कवी कसा जगला, हे ठरवायला दफ्तरे आहेत.
(समाप्त)