खडा पडला, पण कशाने?

मुतखड्याची कळ एकदा सोसलेल्या माणसाला तिचे वर्णन ऐकवावे लागत नाही. कुशीत उठून जांघेपर्यंत उतरणारी ही कळ बसू देत नाही आणि पडूही देत नाही. रात्री-अपरात्री दवाखाना गाठला जातो, इंजेक्शन मिळते, सोनोग्राफी होते. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागात अडकलेला खडा आतड्यातील वायूमुळे सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही, मग सीटी स्कॅन करावे लागते. खडा लहान असेल, ताप नसेल, मूत्रपिंडाचे काम ठीक असेल तर वेदनाशामक गोळ्या देऊन वाट पाहायची. त्याच चिठ्ठीवर बहुतेक वेळा आणखी एक नाव असते, टॅम्सुलोसिन. मुळात प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांसाठीचे हे औषध मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाचे स्नायू सैल करते. त्यामुळे खड्याची वाट मोकळी होईल, हा त्यामागचा तर्क.

तर्काला आधारही लवकर मिळाला. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नऊ लहान चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. एकूण रुग्ण ६९३. अशी औषधे घेणाऱ्यांमध्ये खडा पडण्याची शक्यता ६५ टक्क्यांनी वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभरच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी तो स्वीकारला आणि औषध रूढ झाले.

मग ब्रिटनमध्ये ‘सस्पेंड’ नावाची चाचणी झाली. २४ रुग्णालये, ११६७ रुग्ण. कोणाला टॅम्सुलोसिन, कोणाला निफेडिपिन हे स्नायू सैल करणारे दुसरे औषध, तर कोणाला औषध नसलेली, दिसायला तशीच कॅप्सूल. कोणाच्या वाट्याला काय आले हे ना रुग्णाला ठाऊक, ना उपचार करणाऱ्याला. चार आठवड्यांत आणखी कोणताही हस्तक्षेप करावा लागला नाही, असे रुग्ण टॅम्सुलोसिनच्या गटात ८१ टक्के होते, निफेडिपिनच्या गटात ८० टक्के आणि औषध नसलेल्या गटातही ८० टक्के. २०१५ मध्ये हा निकालही ‘लॅन्सेट’नेच छापला.

या ८० टक्क्यांपाशी थांबायला हवे. लहान खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. कुळथाचे कढण घेतलेल्याचा पडतो, पानफुटीची पाने चावणाऱ्याचा पडतो आणि नुसती वाट पाहणाऱ्याचाही पडतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली की श्रेय कावळ्याला जाते. अनुभवी डॉक्टरचा अनुभवही इथे फसतो, कारण औषध न घेतलेला रुग्ण त्याच्यासमोर मोजण्यासाठी उभाच नसतो. तुलनेचा गट लागतो तो यासाठी.

अर्थात ‘सस्पेंड’ हाही शेवटचा शब्द नव्हता. त्यात बरेच खडे पाच मिलिमीटर किंवा त्याहून लहान होते आणि खडा खरोखर पडला का, हे पुन्हा स्कॅन करून तपासलेले नव्हते. चीनमध्ये ३० केंद्रांत ३२९६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत टॅम्सुलोसिनच्या गटात ८६ टक्के, तर औषधाविना ७९ टक्के रुग्णांचे खडे पडले. फायदा दिसला तो मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातील, पाच मिलिमीटरहून मोठ्या खड्यांत. चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ६७ चाचण्या जमेस धरल्या गेल्या. त्यातही औषध नसलेल्या गोळीशी तुलना करणाऱ्या चाचण्यांमध्ये परिणाम कमी भरला. म्हणजे औषध निरुपयोगी नाही, पण सरसकट प्रत्येकाच्या चिठ्ठीवर लिहिण्याजोगेही नाही. उभे राहताना चक्कर येणे, वीर्यस्खलनात अडथळा येणे हे त्याचे दुष्परिणामही जमेस धरावे लागतात.

इतके साधे उत्तर मिळायला इतकी वर्षे का लागली? लबाडी हे त्याचे मुख्य कारण नव्हे. पन्नास-साठ रुग्णांची चाचणी, तीही गोळी कोणती हे सर्वांना माहीत असताना केलेली, उत्साहाकडे झुकते. औषध चालले तर लेख छापून येतो, चालले नाही तर कागद कपाटात जातात. मग आढावा घेणाऱ्यापुढे फक्त यशाचाच ढीग उरतो.

महाराष्ट्राचा संबंध येतो तो इथे. सर्जरीच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. दिवसरात्र वॉर्डात राबणारा निवासी डॉक्टर त्यासाठी एकट्याने रुग्ण गोळा करतो, आकडेमोड करतो, बांधीव प्रत विद्यापीठाला देतो, आणि एवढ्या कष्टांतून रुग्णाच्या उपचारात क्वचितच काही बदलते. हा विद्यार्थ्यांचा दोष नाही, रचनेचा आहे. दहा महाविद्यालयांनी एकच प्रश्न, एकच आराखडा आणि एकच नोंदपद्धती घेऊन रुग्ण एकत्र केले, तर त्याच कष्टांतून उत्तर मिळू शकेल. प्रत्येक विद्यार्थ्याने त्यातील आपल्या भागावर प्रबंध लिहावा.

चाचण्यांच्या नोंदणीची सोय तर देशात २००७ पासून आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ही नोंदवही पदव्युत्तर प्रबंधांसाठीही खुली आहे. पहिला रुग्ण घेण्याआधी काय मोजणार हे तिथे जाहीर करायचे, म्हणजे नंतर सोयीचा आकडा उचलता येत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने येत्या वर्षीच्या प्रबंधांना मान्यता देताना तीन अटी घालाव्यात: उपचारांच्या प्रत्येक चाचणीची आगाऊ नोंदणी, निकाल काहीही लागला तरी त्याचा सारांश सर्वांना खुला, आणि संमतिपत्रावर सही किंवा अंगठा देणाऱ्या रुग्णाला त्याच्या भाषेत निकाल कळवणे. पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजणाऱ्यांनीही ‘औषध चालले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या निबंधाला तेवढेच गुण द्यावेत.