निसर्गचित्राचे मोल

शासकीय रेखाकला परीक्षा जवळ आली की अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक घरांत रंगपेटी आणि कंपास यांची शोधाशोध सुरू होते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती हे विषय असतात. निसर्गचित्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसते. निसर्गचित्राला दुय्यम स्थान देण्याची ही रीत जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कला-अकादमींत ऐतिहासिक व पौराणिक चित्रांना पहिला मान होता. फ्रान्समध्ये १८१७ साली निसर्गचित्रासाठी रोम पारितोषिक सुरू झाले; मात्र त्या दृश्यात एखादा पौराणिक वा ऐतिहासिक प्रसंग असावा लागे. १८६३ मध्ये ते पारितोषिकही बंद झाले.

तीच शिक्षणपद्धती मुंबईत आली. सर जमशेटजी जीजीभाय या व्यापाऱ्याने दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभे राहिले. तेथे विद्यार्थी आधी नमुन्यांवरून रेखाटन करीत, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश शिकत आणि त्यानंतर मानवाकृतीकडे वळत.

या शिस्तीत कोल्हापूरचे आबालाल रहिमान घडले. त्यांची विद्यार्थिदशेतील रेखाटने त्या संस्थेने आदर्श म्हणून जपली. कोल्हापूरला परतल्यावर शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. व्यक्तिचित्राला गिऱ्हाईक मिळे. तळ्याच्या चित्राला कोण पैसे देणार? तरीही आबालाल कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून पाणी, झाडी आणि बदलता प्रकाश रंगवीत राहिले. पुतळ्यांसमोर कमावलेली नजर तेथे कामी आली.

१९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले. त्या दुःखात आबालालांनी आपली अनेक चित्रे त्याच तलावात बुडवली, असे सांगितले जाते. १९३१ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या विपुल निर्मितीपैकी आज थोडीच चित्रे उपलब्ध आहेत.

व्यापारी कुटुंबाला भाव आणि मोल यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. भाव बाजार ठरवतो. मोल जाणणारा माणूस वेळेवर भेटावा लागतो. जमशेटजींनी विद्यालय दिले, महाराजांनी आश्रय दिला. पण चित्रे जपणारे हात कमी पडले. परीक्षेनंतर मुलांना एखाद्या रविवारी भंडारदऱ्याच्या काठी किंवा चांदबिबी महालाच्या डोंगरावर कागद-रंग घेऊन बसवावे. त्या चित्राला गुण मिळणार नाहीत. म्हणूनच घरच्यांनी ते तारीख घालून जपून ठेवावे.