कामावरचा दमा, सुटीतला श्वास

दम्याच्या रुग्णाला धुळीविषयी, हवापालटाविषयी, घराण्यातील आजारांविषयी विचारले जाते. तो पोटासाठी काय काम करतो, हे मात्र क्वचितच. वास्तविक प्रौढांमधील दम्यापैकी सुमारे सहाव्या भागाच्या मुळाशी कामाची जागा असते, असे वैद्यकशास्त्र मानते. बेकरीतील पिठाची धूळ, मोटारी रंगवण्याच्या फवाऱ्यातील आयसोसायनेट, लाकडाचा भुसा ही त्याची परिचित कारणे.

कारखान्यातील वार्षिक तपासणीत हा विकार सहसा सापडत नाही. वर्षातून एकदा मारलेली फुंकर त्या क्षणापुरतीच खरी असते. या दम्यात श्वासनलिका कामावर असताना आवळतात, कधी तर पाळी संपल्यानंतर काही तासांनी, आणि सुटीत मोकळ्या होतात. म्हणून मोजमाप सलग हवे. काही शे रुपयांत मिळणाऱ्या 'पीक फ्लो मीटर'मध्ये कामगाराने दिवसातून किमान चार वेळा, तीन-चार आठवडे फुंकायचे आणि दर खेपेस तीन फुंकरींतील सर्वोत्तम आकडा वेळेसह लिहायचा. सुटीच्या दिवशीही आणि औषधांत बदल न करता. कामाच्या दिवसांत आलेख खाली व सुटीत वर जात असेल, तर संशयाला आधार मिळतो. गिरणगावाने पाहिलेल्या बिसिनोसिसमध्ये सुटीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती आवळून येई. दम्यात बहुधा आठवडा सरेल तसा त्रास वाढत जातो.

अशा नोंदी वाचण्यासाठी बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी 'ओॲसिस' ही संगणक-प्रणाली विकसित केली. त्याच शहरातील लाँगब्रिज येथील इंजिन कारखान्यात २००३-०४ मध्ये कामगारांना धाप लागू लागली. धातूचे भाग कातताना वापरल्या जाणाऱ्या पाणीमिश्रित कूलंटच्या तुषारांकडे संशय वळला. आठशेहून अधिक कामगारांच्या छाननीत ८७ जणांना व्यवसायजन्य फुप्फुसविकार आढळले. त्यांत बहुसंख्यांना दमा होता. असे कूलंट पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या यंत्रशाळांतही रोजच्या वापरात आहे.

नोंद कामगार स्वतः ठेवतो, हे या पद्धतीचे बळ आणि हीच तिची अडचणही. आकडे खोटे लिहिल्याचा आक्षेप घेतला जाऊ शकतो. वेळेसह आकडे साठवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मीटरने तो बराचसा मिटतो. पण निदान झाले तर काम जाईल, ही भीती कोणते यंत्र मिटवणार? कंत्राटी कामगार तर खोकला लपवण्यातच शहाणपण मानतो. उशीर मात्र महागात पडतो. कारणीभूत पदार्थापासून दूर गेल्यावरही सुमारे एक तृतीयांश रुग्णच पूर्णतः लक्षणमुक्त होतात, आणि त्यांत लवकर दूर गेलेल्यांचे प्रमाण अधिक असते.

ब्रिटनमध्ये ठरावीक पदार्थांमुळे होणारा दमा १९८२ पासून भरपाईस पात्र व्यावसायिक रोग गणला जातो. आपल्याकडे १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस होता, बिसिनोसिस होता, आयसोसायनेटची विषबाधाही होती. दमा मात्र त्या यादीत नावाने नव्हता. त्यामुळे रंगकाम करणाऱ्याला निदान विषबाधेच्या कलमाचा आधार शोधता येई. पिठाच्या धुळीने धापणाऱ्या बेकरी कामगाराला तेवढाही नव्हता.